४०५ ग्रेन शिसं

टायरच्या दुकानामागे एक पत्र्याची बादली असते. चाकांच्या कडेवरून उपटून काढलेली बॅलन्सिंगची वजनं तिच्यात पडतात. पूर्वी आमच्या मोंटानात, अमेरिकेतल्या या राज्यात, ही बादली मागेल त्याला देऊन टाकायचे म्हणे, वर जागा रिकामी केल्याबद्दल आभारही मानायचे. मी शिसं ओतण्याच्या नादाला लागलो तोवर तिच्यात निम्मं लोखंड आणि जस्त यायला लागलं होतं. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यूयॉर्क अशा राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातली आणि वजनं बनवणाऱ्यांनी हळूहळू धातूच बदलला. लोखंडाचं फारसं काही नाही, ते वितळलेल्या शिशावर तरंगतं, झाऱ्याने काढून टाकता येतं. त्रास जस्ताचा. ते मिसळलं की रस गाठाळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरायलाच तयार होत नाही. म्हणून सुट्टीची एखादी दुपार नुसती निवडण्यात जाते. प्रत्येक तुकडा पकडीत धरून दाबायचा. शिसं असेल तर पकडीची धार आत रुतते, जस्त असेल तर घसरते. तरी एखादा तुकडा निसटतोच, त्याच्यासाठी दुसरी चाळणी तापमानाची. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, जस्त ४१९ ला. थर्मामीटरवर डोळा ठेवून मधल्या पट्ट्यात राहिलं की चुकार जस्त न वितळता वर येतं आणि उचलून फेकता येतं.

हा सगळा खटाटोप बंदुकीची गोळी घरी ओतण्यासाठी. ओतलेली गोळी पितळी पुंगळीत बसवून काडतूसही घरीच भरायचं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या घाटाच्या लिव्हर ॲक्शन रायफलीतून (चापाभोवतीचा दांडा खाली-वर केला की पुढचं काडतूस आत येतं ती) ते मातीच्या बांधावर मारायचं. पुण्याच्या मावशीला हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाली, "अरे, पण पोलीस?" तिचं चुकलं नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे, आणि तसा तो असावा असंच माझंही मत आहे. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. गावातल्या निम्म्या गॅरेजांत एक प्रेस टेबलाला बोल्टने आवळलेला दिसतो, आपल्याकडे जुन्या घरांत शिवणयंत्र दिसायचं तितक्या सहज. मी दिवसभर रिफायनरीत पाइपांच्या भिंतींची जाडी मोजतो, त्यामुळे मायक्रोमीटर हातात घ्यायला मला निमित्त लागत नाही. बंदुकीपर्यंत मी पोचलो तो धातूच्या वाटेने. शिकारीचं वेड आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं.

काडतूस आहे .४५-७०. अमेरिकन लष्कराने ते १८७३ साली स्प्रिंगफील्डच्या एकबारी रायफलीसाठी घेतलं. नावातच सगळा हिशेब आहे: पॉइंट पंचेचाळीस इंचाची गोळी आणि तिच्यामागे सत्तर ग्रेन काळी दारू. गोळीचं वजन ४०५ ग्रेन. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे ही गोळी साधारण २६ ग्रॅमची, सव्वादोन तोळ्यांची. आजच्या लष्करी ५.५६ मिलिमीटरच्या गोळीचं वजन ४ ग्रॅमच्या आसपास असतं, यावरून अंदाज यावा. मात्र ५.५६ ची गोळी ध्वनीच्या अडीच-तीन पट वेगाने जाते आणि आमची ही म्हातारी ध्वनीच्या जेमतेम पुढे.

आता या काडतुसासाठी लिव्हरची रायफल बनवणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. विंचेस्टरची १८७३ ची प्रसिद्ध रायफल पिस्तुलाच्या लांबीच्या काडतुसांची होती. तिच्या आतली बिजागरीसारखी जोडणी एवढा दाब सोसणारी नव्हती. मार्लिनने १८८१ साली .४५-७० झेपणारी रायफल काढली. मग यूटा प्रांतातल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगने बोल्टला, म्हणजे काडतूस मागून दाबून धरणाऱ्या दांड्याला, दोन्ही बाजूंनी उभ्या कुलपांनी जखडणारी रचना शोधली, आणि तीच विंचेस्टरची १८८६ ची रायफल. आजही ती हातात घेऊन लिव्हर खाली-वर केला की यंत्र म्हणजे काय ते कळतं. गंमत अशी, की रानरेड्यांसाठी अगदी योग्य अशी ही रायफल बाजारात आली तोवर रानरेडेच उरले नव्हते. मोंटानाच्या मैदानांवरचा बायसनचा उत्तरेकडचा कळप १८८३ पर्यंत कातडीवाल्यांनी संपवला होता, तोही बहुतेक एकबारी रायफलींनी. 'बायसनची रायफल' म्हणून आज जी जाहिरात चालते, ती मला म्हणूनच खटकते. ही अस्वलांची, एल्क हरणांची, आणि खरं तर आठवणींची रायफल आहे.

पुढे धूरविरहित दारू आली, १८९५ मध्ये .३०-३० नावाचं काडतूस आलं, आणि मोठ्या बोअरची लिव्हर रायफल एकदम जुनाट दिसू लागली. मार्लिनची १८९५ ची मोठी रायफल पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडली, ती १९७२ साली त्याच नावाने, पण नव्या सांगाड्यावर परत आली. अर्धशतक लोटून. लोकांना ती कशाला हवी होती, याचं उत्तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. कंपनी त्यानंतर हातोहात फिरली. रेमिंग्टनने घेतली, रेमिंग्टनच दिवाळखोरीत गेली, २०२० मध्ये रूगरने मार्लिनचं नाव विकत घेतलं, आणि २०२१ च्या अखेरीला ही रायफल पुन्हा बनू लागली. आधुनिक म्हणवणारी कितीतरी काडतुसं या काळात आली आणि गेली.

माझी रायफल मार्लिनचीच, ऐंशीच्या दशकातली, सेकंडहँड, दस्त्यावर कुणाच्या तरी जीपच्या दाराचा ओरखडा असलेली. तिची नळी 'मायक्रोग्रूव्ह' पद्धतीची आहे, म्हणजे आतल्या खाचा पुष्कळ, पण उथळ. ही नळी घेतली तेव्हा क्लबातल्या दोघातिघांनी मान हलवली होती. मायक्रोग्रूव्हमधून ओतीव गोळी धड जात नाही, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खाचा उथळ, शिसं मऊ, ते खाचांत धरणारच कसं? मग त्यावर सर्वांचा एकच तोडगा: गोळी कठीण करा. अजून कठीण करा. लायनोटाइप, म्हणजे छापखान्याचा कठीण धातू, ओता.

क्लबातला एक म्हातारा, रेल्वेतून निवृत्त झालेला, हे ऐकून फक्त एवढंच म्हणाला, "नळीचं माप घेतलंस?"

नळीचं माप घेणं हा या छंदातला माझा सर्वांत आवडता भाग. शुद्ध, मऊ शिशाचा नळीपेक्षा किंचित जाड गोळा तेल लावून तोंडावर ठेवायचा, लाकडी हातोडीने आत बसवायचा, आणि पितळी दांड्याने हळूहळू पलीकडे ढकलायचा. ढकलताना हाताला सगळं कळतं. कुठे नळी घट्ट आहे, कुठे सैल, नेम धरायची मागची माशी जिथे नळीत ठोकून बसवली आहे तिथे आत किती अरुंद झालं आहे. दुसऱ्या टोकाने गोळा बाहेर पडतो तो खाचांचा साचा अंगावर घेऊनच. मग तो मायक्रोमीटरमध्ये धरायचा. कागदावर हे काडतूस .४५८ इंचाचं. माझी नळी त्याहून हजारांश इंचाने मोठी निघाली. बाजारातल्या तयार ओतीव गोळ्या .४५८ च्या, म्हणजे माझ्या नळीत त्या सैल.

सैल गोळीचं काय होतं, हे समजलं की बाकीचं सगळं शास्त्र आपोआप जागेवर बसतं. दारू पेटते, तापलेला वायू गोळीला ढकलतो आणि जिथे फट मिळेल तिथून पुढे निसटतो. निसटताना तो गोळीची बाजू कापत, वितळवत जातो, आणि ते शिसं पुढे नळीला चिकटून बसतं. दहा-बारा बारांनंतर नळीत करडा थर दिसायला लागतो आणि गोळ्यांची भोकं निशाणाच्या कागदभर पसरतात. लोक म्हणतात, शिसं मऊ होतं म्हणून घासलं गेलं. मग ते गोळी आणखी कठीण करतात, आणि कठीण झालेली गोळी दाबाखाली जी थोडी फुगून फट बुजवू शकली असती तीही फुगत नाही. मापात लहान आणि वर कठीण. नळी साफ करायला शुद्ध तांब्याची घासणी ब्रशला गुंडाळून तासभर घासत बसा.

मी .४६० च्या डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी भोकातून, दाबून गोळ्या काढायला लागलो. धातू मात्र तोच, चाकांच्या वजनांचा, ब्रिनेल या कठीणपणाच्या मापावर १२ च्या आसपास. शुद्ध शिसं ५, लायनोटाइप २२, त्यामुळे १२ म्हणजे मध्यम म्हणायचं. नळी स्वच्छ राहिली. मायक्रोग्रूव्हचा शाप वगैरे काही नव्हतं, उथळ खाचांना किंचित जाड गोळी हवी होती, इतकंच. म्हाताऱ्याला सांगितलं तर त्याने टोपी सारखी केली आणि कॉफीबद्दल विचारलं.

पण लायनोटाइपला मी उगाच नावं ठेवत नाही, कारण त्याच्याशी माझं जुनं नातं आहे. आईचे काका पुण्यात एका छापखान्यात जुळारी होते. खिळ्यांची खणाखणांची घोडी, काना-मात्रा-वेलांट्यांचे वेगळे कप्पे, आणि बोटांच्या पेरांतून न जाणारी काळी झाक, एवढं मला आठवतं. ते खिळे ज्या धातूचे, तोच हा. शिसं, अँटिमनी आणि कथील; लायनोटाइप यंत्राच्या धातूत शिसं ८४ टक्के, अँटिमनी १२, कथील ४. अँटिमनी का, तर ते धातू कठीण करतं आणि थंड होताना आकसणं कमी करतं. त्यामुळे साच्याचा प्रत्येक कंगोरा धातूत जसाच्या तसा उतरतो. अक्षराची कड तुटक उमटू नये ही छापखान्याची गरज, आणि गोळीच्या बुडाची कड गोल होऊ नये ही माझी. अमेरिकेत छापखाने ऑफसेटकडे वळले तेव्हा हा धातू भंगारात आला आणि गोळ्या ओतणाऱ्यांनी टनावारी उचलला.

आणि मुंबईचे शंकर आबाजी भिसे. 'भिसोटाइप' नावाचं एकेक खिळा भराभर ओतणारं यंत्र त्यांनी बनवलं, लंडनमध्ये खटपट केली, जमशेदजींचे पुत्र रतन टाटा यांचं पाठबळ मिळवलं, पुढे अमेरिकेत आले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच वारले. साच्याचं तापमान, धातू आत शिरण्याचा वेग, निथळण्याआधी गोठण्याचा क्षण, ही त्यांची रोजची डोकेदुखी असणार. मी गॅरेजात जे हाताने, धीम्या गतीने करतो, ते त्यांना यंत्राकडून मिनिटाला शेकड्यांनी करून घ्यायचं होतं. भंगारातून आलेल्या लायनोटाइपच्या पट्ट्या मी तोडतो तेव्हा त्यांच्यावर कधीकधी इंग्रजी ओळी उलट्या वाचता येतात: कुणाच्या तरी गावच्या बातम्या, चर्चचा बेत, गुरांचे भाव. त्या मी एकदा वाचून घेतो आणि मग भांड्यात टाकतो.

ओतकामाचा दिवस थंडीतलाच बरा. गॅरेजचं दार अर्धं उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने, अंगात जाड सुती शर्ट, डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट. पाण्याचा एक थेंबही आसपास नको, हा पहिला नियम. वितळलेल्या शिशाखाली थेंबभर पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि भांडं तोंड वर करून शिसं छतापर्यंत फेकतं. इथल्या हिवाळ्यात शिशाच्या लाद्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारं दव धरतं, म्हणून लादी आधी भांड्याच्या काठावर ठेवून गरम करायची, मग आत सोडायची. रस तयार झाला की मूठभर लाकडाचा भुसा किंवा मेणाचा तुकडा टाकून ढवळायचं. धूर होतो, वास सुटतो, वरचं कथील जे जळून पापुद्रा झालेलं असतं ते पुन्हा रसात उतरतं, आणि वर उरते ती मळी. मळी फेकायच्या डब्याला झाकण लागतं. शिशाचा धोका वाफेत शोधणारे लोक चुकीच्या जागी बघतात. ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य. विष असतं ते त्या मळीच्या भुकटीत आणि धुवायला विसरलेल्या हातांत. गॅरेजात चहा नाही, शेंगदाणे नाहीत, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासायचं. बायकोची तेवढी एक अट आहे आणि ती रास्त आहे.

साचा म्हणजे दोन ठोकळे, मध्ये गोळीची पोकळी, वर एक सरकती पट्टी आणि पट्टीला भोक. पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा गार असतो. त्या परत भांड्यात. साचा तापत जातो तसा आकार भरत जातो. भोकातून धार सोडली की पट्टीवर चकचकीत थेंब साठतो आणि मी त्याच्याकडे बघत राहतो. तो काही सेकंद आरशासारखा असतो, मग एका कडेकडून मंद होत जातो आणि अचानक पूर्ण करडा पडतो. आणखी थोडं थांबायचं. मग लाकडी हातोडीने पट्टीला टोला, वरची शेपटी कापली जाते, साचा उघडतो आणि गोळी घडी घातलेल्या टॉवेलवर पडते. साचा फार तापला तर गोळीवर पांढरट झाक येते. त्याने बिघडत काही नाही, पण बघायला बरं वाटत नाही. मी गोळ्या निवडताना नाकाकडे फारसं बघत नाही, बुडाकडे बघतो. नळीतून सर्वांत शेवटी बाहेर पडतं ते बूड. त्याची कड एका बाजूला बोथट असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला जाता जाता कोपरखळी मारतो. नाकावर ओरखडा असलेली गोळी बिनदिक्कत मारावी, बुडाची कड मोडलेली गोळी भांड्यात परत टाकावी.

नंतर वंगण. जुनी पद्धत म्हणजे मधमाशांचं मेण आणि अॅलॉक्स हे पेट्रोलियमपासूनचं वंगण निम्मं निम्मं, गोळीच्या खाचेत दाबून भरायचं. हल्ली बरेच जण पॉलिएस्टरची पूड लावतात: प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि रंगीत पूड हलवायची, स्थिर विजेने ती चिकटते, आणि २०० अंशाला वीस मिनिटं भाजायची. गोळ्या लाल, निळ्या, हिरव्या निघतात. काम चोख होतं, नळी स्वच्छ राहते, धूर कमी. मी करून बघितलं आणि मेणाकडे परत आलो. कारण विचाराल तर वास. याहून तात्त्विक कारण माझ्याकडे नाही.

काडतूस भरताना मात्र मनाचे असे लाड चालत नाहीत. ही पुंगळी सत्तर ग्रेन काळ्या दारूसाठी बनलेली. आजची धूरविरहित दारू त्याच्या अंशानेच लागते, म्हणजे पुंगळीत बरीचशी जागा रिकामी. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती उतू जात नाही, गपचूप आत बसते. म्हणून सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, वर टॉर्च धरून, प्रत्येकीत डोकावायचं. एकसारखी पातळी दिसली तरच पुढे. त्या वेळी रेडिओ बंद, फोन बंद, आणि कुणी हाक मारली तर मोजणी पहिल्यापासून. शिवाय या एकाच काडतुसाच्या भरणीच्या तीन पायऱ्या आहेत: जुन्या स्प्रिंगफील्डसाठी हलकी, लिव्हरच्या रायफलींसाठी मधली, आणि आधुनिक एकबारी रायफलींसाठी जोरकस. तिन्ही काडतुसं बाहेरून हुबेहूब. तिसऱ्या पायरीचं काडतूस १८७३ च्या घाटाच्या बंदुकीत गेलं तर बंदूक फुटते आणि तोंडाजवळ फुटते. तेव्हा डब्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं नसेल तर दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी हातातही घेत नाही. कारखान्यांनी या काडतुसाची दाबाची मर्यादा २८,००० पीएसआयवर ठेवली आहे ती याच भीतीने: कुणाच्या तरी आजोबांची बंदूक अजून भिंतीवर असेल.

गोळीचं नाक चपटं असतं. ते शोभेसाठी नसून नळकांड्याच्या मॅगझिनसाठी आहे. लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकापुढे एक रांगेने बसतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या टोपीला, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या बुडाच्या चकतीला, टेकलेलं. नाक टोकदार असेल आणि रायफलने खांद्याला जोराचा धक्का दिला, तर ते टोक टोपीवर सुईसारखं आपटायचं आणि पुढचं काडतूस नळकांड्यातच उडायचं. त्याच धक्क्याने गोळी पुंगळीत मागे ढकलली जाऊ नये म्हणून पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट वळवून दाबायचं. ही दाबणी फार झाली तर पुंगळी खालून फुगते आणि काडतूस चेंबरमध्येच अडकतं. हाताला एक अंदाज येतो.

आणि मग मैदानावर. शंभर यार्डांवर नेम बसवलेली ही गोळी दोनशे यार्डांवर जवळपास दोन फूट खाली उतरते. ज्यांना सपाट उडणाऱ्या गोळीची सवय आहे त्यांना हे हास्यास्पद वाटतं. मला त्यातच मजा येते. अंतर डोळ्यांनी ओळखावं लागतं, वारा गवतावर वाचावा लागतो, माशी लोखंडी पाटीच्या बरीच वर धरावी लागते. चाप ओढला की खांद्याला ढकलणारा धक्का बसतो, तीक्ष्ण नाही, आळशी आणि भारी. लिव्हर खाली-वर होऊन रिकामी पुंगळी उडते. आणि सेकंदाहून थोडा अधिक वेळ गेल्यावर पलीकडून पाटीचा आवाज येतो. तेवढ्या वेळात आपण बार बरा गेला की वाईट, याचा मनाशी निकाल लावलेला असतो, आणि पाटी तो खरा की खोटा ते सांगते.

बांधातून कधी एखादी गोळी अर्धवट शाबूत सापडते. तिच्या अंगावर नळीच्या खाचांची नक्षी इतकी स्वच्छ असते की माझ्या रायफलीची गोळी मी शेजारच्या रायफलीच्या गोळीपासून भिंगाखाली वेगळी काढू शकतो. याची खरी किंमत मला कळली ती इथून तासाभराच्या रस्त्यावर, लिटल बिगहॉर्नच्या माळावर. २५ जून १८७६ ला तिथे अमेरिकन लष्करी अधिकारी कस्टर आणि त्याच्यासोबतच्या सातव्या घोडदळाच्या पाच तुकड्या लाकोटा आणि नॉर्दर्न शायान या मूळनिवासी लोकांपुढे संपल्या. घोडदळाच्या कार्बाइनमध्ये हीच ४०५ ग्रेनची गोळी, दारू मात्र कमी, ५५ ग्रेन, कारण आखूड बंदुकीचा धक्का घोडेस्वाराला सोसवत नसे. शंभर वर्षं त्या लढाईच्या कहाण्या ज्याच्या त्याच्या सोयीने सांगितल्या जात होत्या. मग ऑगस्ट १९८३ मध्ये माळाला वणवा लागला, गवत जळालं, आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन सगळा माळ पिंजून काढला. प्रत्येक पुंगळी आणि गोळी जिथे सापडली तिथे झेंडी रोवून नोंदली. पुंगळीच्या बुडावरच्या घोड्याच्या सुईच्या खुणेवरून आणि गोळीवरच्या खाचांवरून त्यांनी एकेक बंदूक वेगळी ओळखली, आणि ती माळावर कुठून कुठे गेली हेही पुंगळ्यांच्या वाटेने काढलं. योद्ध्यांच्या हातात हेन्री आणि विंचेस्टरच्या लिव्हर रायफली किती होत्या, हे तेव्हा आकड्यांत दिसलं. घोडदळाकडे एकबारी लांब पल्ल्याची बंदूक, समोर जवळून भराभर बार काढणारी. घोडदळाच्या पुंगळ्या अडकल्या म्हणून ते हरले, ही लाडकी सबबही त्या मोजणीत टिकली नाही. ओढून काढल्याच्या खुणा फार थोड्या पुंगळ्यांवर होत्या.

तिथल्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या गोळ्या बघताना माझ्या डोक्यात नकळत मायक्रोमीटर चालू होता. पांढरट गंज चढलेलं शिसं, चेपलेलं, पण खाचा अजून वाचता येण्याजोग्या. शेजारी एक आजोबा नातवाला लाकोटा आणि शायान योद्ध्यांसाठी उभारलेल्या तांबड्या ग्रॅनाइटच्या दगडांबद्दल सांगत होते. ते दगड १९९९ पासून बसवायला लागले. सैनिकांसाठीचे पांढरे दगड त्याआधी शंभराहून जास्त वर्षं तिथे एकटेच उभे होते.

शिशाबद्दलची एक गोष्ट टाळून चालणार नाही. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडं १९८२ मध्ये २२ उरली होती. १९८७ पर्यंत उरलेली सगळी पकडून पिंजऱ्यात वाढवावी लागली. पुन्हा मोकळी सोडल्यावर त्यांना मारणाऱ्या कारणांत शिसं अग्रभागी आहे: शिकारी जनावराची आतडी रानात टाकून जातात, त्यात गोळीचे कण असतात, गिधाड ते खातं. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. आपल्याकडे गुरांच्या डायक्लोफिनॅकने गिधाडांचा काय निकाल लावला हे ज्यांनी वाचलं आहे, त्यांना हे पटायला वेळ लागू नये. २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झालं तोवर आकाश रिकामं झालं होतं. माझ्या बाजूच्या लोकांचं म्हणणं असं, की संथ जाणारी जाड ओतीव गोळी वेगवान गोळीसारखी फुटून कण पसरवत नाही. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण बरंच म्हणजे सगळं नव्हे, आणि मोंटानातही सोनेरी गरुडांच्या रक्तात शिसं सापडतं. म्हाताऱ्याशी माझा यावर वाद होतो. तो म्हणतो, दीडशे वर्षं हेच शिसं उडतंय. मी म्हणतो, म्हणूनच. दोन शरदांत त्याने मला एल्कच्या शिकारीला नेलं, तेव्हा माझ्या रायफलीत तांब्याच्या गोळ्या होत्या आणि त्याच्या रायफलीत त्याने स्वतः ओतलेल्या. आतडी मात्र त्याने पुरली, ती कुणाच्या सांगण्यावरून हे मी विचारलं नाही.

माझ्या ओतीव गोळ्या मातीच्या बांधातच जातात. क्लब अधूनमधून तो बांध चाळतो आणि शिसं सभासदांत वाटतो. यंदा माझ्या वाट्याला आलेलं शिसं घरी वितळवून लाद्या केल्या आणि चित्रकारांच्या पेन्सिलींनी कठीणपणा पाहिला, कुठली पेन्सिल ओरखडा काढते आणि कुठली नुसती घसरते, असा तो स्वस्तातला उपाय आहे. फार मऊ निघालं. त्यात पॉइंट टू टूच्या गोळ्या भरपूर असणार. लायनोटाइपच्या चार पट्ट्या शिल्लक आहेत, गुरांच्या भावांची एक त्यात आहे. दोन घातल्या तर भागावं.